कानाचा मेस्त्री

हसनचाचांनी उजवा हात वर केला की कसालच्या बाजारातली पिठाची गिरण बंद व्हायची. गिरणवाला दत्ता बटण दाबायचा, दळण घेऊन उभ्या असलेल्या बायका अर्ध्या वाक्यावर थांबायच्या आणि पलीकडचा चहावाला मोबाइलवरचं गाणं बंद करायचा. नेमकी तेव्हाच समोरून एस.टी. गेली तर तिला काही इलाज नव्हता. मग चाचा त्या एस.टी.कडे असे बघायचे, की ड्रायव्हरने पुढच्या खेपेला गाडी कणकवलीवरूनच मागे फिरवावी. सगळं शांत झालं की ते लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर उघड्या बॉनेटमध्ये घालायचे, त्याचं टोक स्टेअरिंगच्या पंपावर टेकवायचे, लाकडी मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे.

आत बसलेल्या मालकाला हुकूम जायचा, "फिरव. डाव्यान. आता उजव्यान. हळू रे मेल्या, मान पिरगळतंस काय तिची?"

मग डोळे उघडून निकाल. पंप, किंवा बेअरिंग, किंवा पाइपात हवा शिरली. निकालावर अपील नसे.

बाजारात त्यांना कानाचो मेस्त्री म्हणत. ते स्वतःही म्हणत. अल्लाने नम्रता वाटली तेव्हा आपण एका जीपच्या खाली होतो, बाहेर येईपर्यंत संपली, असं ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे. गॅरेजात पांढरा शर्ट घालून काम करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि शर्टावर एक डाग नाही. डाग पडला म्हणजे मेस्त्रीला काम येत नाही, असं त्यांचं मत. बाकीच्या मेस्त्र्यांच्या कपड्यांकडे बघून ते जी मान हलवायचे, ती त्या मेस्त्र्यांनी बघितली नाही ते बरंच झालं.

मी मालवणची. कणकवलीला कॉलेजात इतिहास शिकवते. बाबा गेल्यावर त्यांची जुनी गाडी माझ्या वाट्याला आली आणि गाडीसोबत हसनचाचा आले. बाबा दुसऱ्या कुणाला बॉनेट उघडू देत नसत. माझी रोजची वाट कसालवरूनच जायची, त्यामुळे टाळायची म्हटली तरी गाठ पडणारच होती.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "चाचा, पॉवर स्टेअरिंग गेला."

"गेला? खंय गेला? आमका सांगून जाउचा तरी!" असं म्हणत त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि पुढच्या चाकाला चपलेचं टोक लावलं. "बाय, हवा कधी भरलंस हेच्यात?"

बाबा गेल्यापासून कुणी भरलीच नव्हती.

"स्टेअरिंग खंय जाऊक नाय. पयली हवा, मगे तेल, मगे पट्टो, मगे हसन. ह्या पाठ कर. तुमी लोक थेट हसनाकडे येतत."

हवा, तेल, पट्टा आणि मग हसन. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही आणि मोडू दिला नाही. चाकात हवा कमी असली तर स्टेअरिंग जड लागणारच. मग तेलाची पातळी, मग पट्टा अंगठ्याने दाबून बघायचा. एवढं करून दुखणं सापडलं नाही तरच कान. माझे विद्यार्थी परीक्षेत सनावळ्या चुकतात, पण मी हा क्रम झोपेतही चुकणार नाही.

उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवलेलं त्यांना खपत नसे. पार शेवटपर्यंत वळवून तिथंच धरून ठेवलेलं तर मुळीच नाही. "टोकाक नेवन धरू नको. वाईच मागे सोड. पंप जळता," हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. भांडणाऱ्यांनाही हेच सांगायचे. एकदा त्यांच्या बाकावर बसून मी पुण्याच्या भावाशी फोनवर भांडत होते. त्याचं म्हणणं, बाबांची गाडी आता भंगारात काढ. माझं म्हणणं, तुझ्या बापाची नव्हे, माझ्या बापाची गाडी आहे. बाप एकच असल्याचं रागात दोघांच्याही लक्षात आलं नाही. चाचा हात पुसत आले, समोर उभे राहिले आणि दोन्ही हातांनी हवेतलं एक चक्र टोकाला नेऊन जरासं मागे सोडून दाखवलं. मी फोन ठेवला आणि संध्याकाळी पुन्हा केला. गाडी राहिली. भाऊही राहिला.

गॅरेजच्या मागच्या बाजूलाच त्यांचं घर होतं, आणि घरात रुकैयाचाची. चाचा सहा फुटी, चाची त्यांच्या खांद्याच्याही खाली. तिला गाडी लागायची. मालवणपर्यंत जायचं तरी हातात लिंबू घेऊन बसायची. गाड्यांविषयी तिचं मत एकंदरीत वाईटच होतं. दुपारी ती मागच्या पडवीत मासे साफ करत बसलेली असे आणि तिथूनच गॅरेजवर लक्ष ठेवून असे. चाचा फार फुशारकी मारू लागले की आतून खणखणीत आवाज यायचा, "पुरे झाला हां!" चाचा मग आवाज खाली आणून तीच फुशारकी पुढे चालू ठेवायचे.

चाचांच्या कानांचं खरं मला कधी कळलं ते सांगते. एका शनिवारी दुपारी मी गेले तेव्हा चाचांचा हात वर होता, गिरण बंद होती, सगळा बाजार श्वास रोखून उभा होता. ते डोळे मिटून ऐकत होते. मी बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला उभी होते, म्हणून मला दिसलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपावरून घसरून नुसतं हवेत होतं. कशालाच टेकलेलं नव्हतं. आणि पंप असा केकाटत होता की माझ्या दाढा शिरशिरत होत्या. चाचा मात्र देवळात बसल्यासारखे शांत.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. मालकाला उद्यावर टाकत म्हणाले, "गाडी हयच रवांदे. फाल्यां ये."

मी गिरणीकडे गेले. दत्ताने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "कळला मां तुका?"

"त्यांका आयकाक येणा नाय?"

"बोललला येता, जवळ जावन बोललास तर. उजव्या कानान. बारीक आवाज मातर खलास. लय दिवस झाले."

"मगे तू गिरण कित्याक बंद करतंस?"

दत्ता माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी शिकलेली आहे हे त्याला कुणीतरी चुकून सांगितलं असावं. "बंद नाय केलंय तर तेका कळात ना, आमका म्हायत आसा ता," तो म्हणाला.

सगळ्या बाजाराला माहीत होतं. चहावाल्याला, दळणाच्या बायकांना, रिक्षावाल्यांना. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी तो अख्खा बाजार दिवसातून कितीदा तरी गप्प बसत होता. मला तिथं उभ्या उभ्या रडू यायला लागलं, म्हणून मी उगाचच पिठाचा भाव विचारला.

गोव्याला दिलेली त्यांची लेक कानाचं यंत्र घेऊन आली होती म्हणे. चाचांनी ते एक दिवस लावलं आणि डबीत घालून ठेवलं. "हेच्यात सगळ्यो गाडयो सारख्योच बोंबलतत. पंप खंयचो आणि पट्टो खंयचो, काय कळणा नाय," असं तिला सांगितलं. यंत्र लावून मेस्त्री गाडी तपासतोय हे बाजाराने बघावं, हेही त्यांना नको असणार. कान म्हणजेच मेस्त्री, असं त्यांनीच जन्मभर सांगितलं होतं. कान गेले म्हणजे उरलं काय? गॅरेज बंद करून लेकीच्या गॅलरीत बसायचं, याची त्यांना खरी धास्ती होती.

मग 'फाल्यां ये' म्हणून ठेवलेल्या गाड्या बऱ्या कशा होत? तेही मी एकदा पाहिलं. माझ्याच गाडीच्या बाबतीत. कॉलेज लवकर सुटलं म्हणून ठरल्या वेळेच्या आधीच पोचले. भर दुपार, बाजार जेवायला गेलेला. बॉनेट उघडं, इंजिन चालू, स्टेअरिंगवर चाचा, आणि बॉनेटपाशी खुर्चीवर चढून उभी रुकैयाचाची. पदर खोचलेला, एका हातावर बांगड्याचे खवले, दुसऱ्या हाताने स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाशी धरलेली. चाचांनी चाक वळवलं. चाचीने ऐकलं, खुर्चीवरून उतरली, गाडीच्या दाराशी आली आणि चाचांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन आवाज काढला, "ऊंऽऽऽऽ... ऊंऽऽऽऽ..."

"चढत जाता?"

"चढता. पोर रडता तसो."

"पोटात हवा भरली तिच्या," चाचा म्हणाले. "पाइप गळता खंयतरी."

कानाच्या यंत्राने सगळे आवाज मोठे केले होते. चाची एक आवाज घेऊन तो आपल्या आवाजात बसवून त्यांच्यापर्यंत आणत होती. तिचे आवाज ठरलेले होते. पंप रडायचा, ऊंऽऽऽ. बेअरिंग गेलं की खर्रऽ खर्रऽ, विळीवर नारळ खवल्यासारखं. खालचा सांधा ढिला झाला की जिभेने टक् टक्. गाडी लागणाऱ्या त्या बाईने जन्मभर पडवीत बसून, मासे साफ करता करता, सगळ्या जिल्ह्याच्या गाड्यांची दुखणी ऐकली होती.

मला बघून चाची लाजून आत पळाली. चाचा खाली उतरले. मूठ पुसली, पुन्हा पुसली. मग म्हणाले, "बाय, बाजारात बोला नको हां."

"नाय चाचा," मी म्हटलं. बाजारालाच सगळं ठाऊक आहे, हे मी त्यांना कसं सांगणार?

आता आरोंद्याच्या बाबीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण चाचा इथं असते तर ती त्यांनी मला सांगायला लावली असती. बाबी काजूची बागायत बघणारा, चांगला ऐपतदार माणूस. त्याच्या जुन्या गाडीचं स्टेअरिंग जानेवारीत सकाळी दगडासारखं व्हायचं आणि उन्हं वर आली की लोण्यासारखं. गॅरेजवाल्याकडे नेईपर्यंत गाडी शहाण्यासारखी वागायची. दोन ठिकाणी त्याला पंप बदलायला सांगितलं होतं. चाचांनी हवा बघितली, तेल बघितलं, पट्टा बघितला, हात वर केला, गिरण थांबवली, ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "रातभर रवांदे. तूय रव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला जाताना थांबले, कारण मला राहवलं नाही. थंडी चांगलीच होती. चाची न्हाऊन अंगणात आली होती आणि खोबरेल तेलाची गोठलेली बाटली उन्हात ठेवत होती. आमच्याकडे जानेवारीत प्रत्येक अंगणात अशी एक बाटली ऊन खात असते. तिकडे चाचांनी बाबीच्या गाडीतल्या तेलाच्या डबीचं झाकण उघडलं आणि विचारात पडले. चाची सहज डोकावली, नाक पुढे केलं, आणि म्हणाली, "अगो बाय, ह्या तर माझ्या बाटलेसारखा झाला!"

डबीत पांढरट साय धरली होती. चाचांनी बोट घातलं, बोटावर चोळलं, हुंगलं, आणि बाबीकडे वळले. "घरात कोण आसा तुझ्या?"

बाबीने घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्याची म्हातारी आई फोनवर आली. तिला विचारल्यावर ती जराही गडबडली नाही. पाइप गळत होता, मुलगा तेल घालायचं विसरायचा, म्हणून ती रोज थोडं थोडं घरच्या घाण्याचं खोबरेल घालत होती. "दिव्याक चालता, केसाक चालता, घावन्याच्या तव्याक चालता," ती म्हणाली, "मगे गाडयेक कित्याक चालाचा नाय?"

चाचांनी सगळं तेल काढून पाइप धुतले, गळका पाइप बदलला, आणि संध्याकाळपर्यंत बाजारात गोष्ट पसरली की कानाच्या मेस्त्रीने खोबरेल कानाने ओळखलं. चाचांनी ती पसरू दिली. थोडी वाढवलीही. दुसऱ्या दिवशी मी थांबले तेव्हा चहावाल्यापुढे तिसऱ्यांदा ती चालू होती. पडवीतून खणखणीत आवाज आला, "ओ, खोबरेल तेलाचो आवाज कसो असता, ता वाईच आमकाय काढून दाखवा!"

बाजार इतका हसला की दत्ताने हसण्यासाठी गिरण बंद केली. चाचा आधी रागावले, मग स्वतःच हसत सुटले. पांढऱ्या शर्टावर चहा सांडला तेव्हा कुठे थांबले. त्या शर्टावर मी पाहिलेला तो एकमेव डाग.

चाची गेल्या वर्षी गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. मी भेटायला गेले तेव्हा गॅरेजचं शटर खाली होतं. चाचा पडवीत, तिच्या पाटाशेजारी बसले होते. बरंच काही बोलायचं ठरवून गेले होते मी. त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन एवढंच म्हणता आलं, "चाचा, मी इलंय." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर ते गाड्या घेत नाहीत, असं दत्ताने सांगितलं. लेक न्यायला येणार होती.

आणि नेमकी तेव्हाच माझी गाडी ओरडायला लागली. वळताना असा आवाज, की मालवणच्या बाजारात लोक वळून बघत. पंप गेला असेल तर संपलंच, कारण त्या गाडीचा पंप आता कुठे मिळत नाही. बाबांची गाडी खरंच भंगारात जायची. दुसऱ्या गॅरेजात न्यायला मन घेईना. शेवटी गेले कसालला. शटर अर्धं उघडं होतं. आत सामानाची बांधाबांध चालली होती.

चाचांनी गाडी बघितली. बाहेर आले. शर्ट पांढराच होता, पण बाह्या दुमडलेल्या नव्हत्या. त्या त्यांनी दुमडल्या. चाकांना चपलेचं टोक लावलं. हवा ठीक. झाकण उघडलं. तेल ठीक. पट्टा अंगठ्याने दाबला. घट्ट होता. आता राहिला हसन.

स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन ते तसेच उभे राहिले. मग सवयीने उजवा हात वर गेला. गिरण बंद झाली. चहावाल्याचं गाणं थांबलं. चाचांनी मूठ कानाला लावली नाही. माझ्यापुढे धरली.

"तू आयक, बाय. आणि माका सांग."

मी स्टेअरिंग वळवायला दत्ताला बोलावलं आणि मूठ कानाला लावली. आवाज आला, चांगला मोठा आला, पण तो सांगायचा कसा? मी चाचांच्या कानाशी गेले आणि भर बाजारात, माझे दोन विद्यार्थी समोर चहा पीत असताना, तोंडाने आवाज काढला. चाचांनी मान हलवली. पुन्हा काढला. पुन्हा मान हलली.

"नाय. तसो नाय. तिका बरोबर जमायचा."

मी रडकुंडीला आले. मला काहीतरी करून तो आवाज त्यांच्यापर्यंत पोचवायचा होता, आणि माझ्याच्याने होत नव्हतं. तेव्हा चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रव," ते म्हणाले. "मी काढतंय. तू फक्त सांग, खंयचो ता. असो?"

आणि त्यांनी आवाज काढला. "ऊंऽऽऽऽ... ऊंऽऽऽऽ..."

तो पंपाचा आवाज नव्हता. तो रुकैयाचाचीचा आवाज होता. तोच बारीक हेल, तीच शेवटाला जराशी थरथर. त्या धिप्पाड माणसाच्या गळ्यातून ती बाई जशीच्या तशी बाहेर आली. दळणाच्या बायकांमधल्या एकीने तोंडाला पदर लावला. चाचांना यातलं काही कळत नव्हतं. आपण कसला आवाज काढतोय ते त्यांना ऐकूच येत नव्हतं.

"नाय," मी कसंबसं म्हटलं.

"मगे असो? खर्रऽ... खर्रऽ..." विळीवर नारळ खवत होता.

"होय! असो. असोच."

त्यांचा चेहरा उजळला. "बेअरिंग! पंपाक काय एक होऊक नाय. बेअरिंग गेला. ता हयच मेळात." आणि माझ्या मागच्या सगळ्या बाजाराला उद्देशून, पूर्वीच्याच रुबाबात, "सांगललंय मां? हसनान सांगल्यान म्हणजे सांगल्यान!"

बेअरिंग त्यांनी स्वतः बसवलं. शर्टावर डाग पडला नाही. मग तपासायला पुन्हा हात वर गेला आणि पुन्हा गिरण थांबली. मी इंजिन चालू केलं, चाक वळवलं, गाडी गप्प. चाचांनी बॉनेटवर थाप मारली आणि "जा," म्हणाले. "टोकाक नेवन धरू नको."

पुढच्या आठवड्यात लेक त्यांना घेऊन गेली. ते गोव्यात बरे आहेत असं ऐकते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बेअरिंग बसवलं त्याच दिवशी, रस्त्यावर गाडी वळवताना. अर्ध्या शटरपुढे उभे होते, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. आवाज काढत होते. पंपाचा होता की बेअरिंगचा, ते माझ्या इंजिनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. पण गाडी केव्हाच बरी झाली होती, चाचांचा हातही खाली आला होता, तरी दत्ताने गिरण अजून सुरू केली नव्हती.